मानीबाईंची हजेरी

उपस्थित राहणे हाही एक गुण आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. विद्या, दातृत्व, शौर्य यांना गुण म्हणताना कोणी अडखळत नाही. परंतु जेथे आपले नाव लागले आहे तेथे आपला देहही असावा, ही साधी गोष्ट गुणांच्या गणनेत कोणी धरत नाही. ‘उप’ म्हणजे जवळ, ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. जवळ उभा राहतो तो उपस्थित. यजमान जवळ नसेल तर ऋत्विजांनी कितीही मंत्र म्हटले तरी कर्म अपुरे राहते, असे मानणारे आपण लोक. कन्यादानाला पित्याने निरोप पाठवला तर आपल्याकडे चालत नाही. असे असता सभेच्या बाबतीत आपण एक विलक्षण सिद्धी मिळवली आहे. सभा भरते, ठराव होतात, ते सर्वानुमते संमत होतात, आणि त्या जागी मनुष्य मात्र एकही नसतो! पुसद तालुक्यातील सावरडोह या गावी ही सिद्धी मी वर्षभर पाहिली. ती ज्या बाईंनी मोडून काढली त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांचे नाव त्या तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

एकोणीसशे साठ साली मी सावरडोहच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. नव्या कायद्याने ग्रामपंचायत आली होती, पण तिला घर नव्हते. म्हणून तिच्या सभा शाळेच्या ओसरीवर भरत. भरत, असे दप्तरात लिहिलेले असे. गावापासून अर्ध्या कोसावर, टेकडीच्या उतारावर लालसिंग नाईकांचा तांडा होता. साठ घरे. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारे हे लोक तीन पिढ्यांपूर्वी तेथे स्थिरावले आणि कापूस, तूर, ज्वारी पिकवू लागले. मानीबाई याच तांड्यातल्या. वय पन्नाशीचे, अंग काटक, दंडापर्यंत बलिया नावाच्या पांढऱ्या बांगड्या, आरशांच्या तुकड्यांनी मढलेला जुना फेटिया, म्हणजे घागरा. पती नेमसिंग अबोल. त्यांच्या वाट्याचेही बोलणे बाईच बोलत, असे तांड्यात हसून सांगत असत.

तांड्याला पाणी नव्हते. नाल्याच्या वाळूत खळगा करून त्यात झिरपेल ते वाटीवाटीने भरायचे. त्याला तिकडे झिरा म्हणतात. माघ सरला की झिरा आटे, आणि मग बायकांना कोसभर नदीपर्यंत जावे लागे. एका हंड्यामागे अर्धी सकाळ जाई. गावातल्या विहिरी होत्या, परंतु तेथे तांड्याच्या बायकांनी सर्वांचे भरून होईपर्यंत दूर उभे राहायचे असे. हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो मोडता येत नव्हता.

पंचायतीत स्त्रियांसाठी दोन जागा होत्या. एका जागी सरपंच वामनराव पाटलांनी आपली भावजय विमलताई यांना बसवले. दुसरीसाठी त्यांनी मानीबाईंचे नाव सुचवले, तेव्हा तांड्यात आनंद झाला. वामनरावांनी ते का सुचवले, हे पुढे त्यांनीच चारचौघांत सांगितले होते: “तांड्याची बाई बरी. लांब राह्यते. येणार नाही, बोलणार नाही, अन् वरून आपलं मन मोठं दिसते.”

येणे-बोलणे लागू नये अशी व्यवस्था आधीच होती. सचिव पुंडलिकराव महिन्याची सभा एकट्याने, एका बैठकीत लिहून काढत. मग कोतवाल झिंगरू ते दप्तर आणि शाईची डबी घेऊन सभासदांच्या घरोघर, शेतोशेत हिंडे. कोणी नांगराच्या मुठीवरून हात काढून सही करी, कोणी अंगठा उठवी. शेवटी झिंगरू तांड्यावर येई.

“मानीबाई, अंगठा लावा.”

“कायचा व्हय हा?”

“सभेचा.”

“सभा कवा झाली?”

“झाली असंन. मले काय मालूम? पुंडलिकरावनं धाडलं, मी आलो.”

“अन् लिवलं काय हाये यात?”

“मले वाचता आलं असतं, तं मी उन्हातान्हात दप्तर वाहून राह्यलो असतो काय? खुर्चीत बसलो असतो ना!”

मानीबाई हसत. घरातल्या मोजक्या पाण्यातून एक लोटा त्याला देत, अंगठा उठवत, आणि बोट फेटियाला पुसून कामाला लागत. असे अकरा महिने चालले.

अशा शहाण्या बाईने न वाचलेल्या कागदावर अंगठा कसा दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या कुळाच्या व्यवहारात आहे. लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या दिवसांत गोण्या मुक्कामी उतरल्या की घेणारा व्यापारी गोणीच्या तोंडावर गेरूने पंजा उठवी. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की माल पोचला. माल पसंत आहे की नाही, भाव काय, हे त्यानंतर समोरासमोर बसून, तोंडाने बोलून ठरायचे. मानीबाईंच्या आजोबांनी आयुष्यभर तसे पंजे पाहिले आणि घरात त्यांच्या गोष्टी सांगितल्या. तांड्याच्या न्यायसभेत, जिला ते नसाब म्हणतात, आजही तोच प्रकार. नाईकांच्या अंगणात ज्याचे त्याने आपल्या तोंडाने बोलायचे. जो आला नाही त्याच्या वतीने दुसरा बोलत नाही. त्याची वाट पाहतात, दोन दोन दिवस पाहतात. अशा घरातल्या बाईने अंगठ्याचा अर्थ ‘दप्तर माझ्यापर्यंत पोचले’ असा घेतला, तर दोष तिच्या अज्ञानाचा की ज्यांनी तिच्या प्रामाणिक समजुतीवर आपले शेत भिजवले त्यांच्या ज्ञानाचा?

शेत भिजवले, हे मी अक्षरशः लिहितो आहे. एकसष्टच्या पौषात विकास खात्याचा ओव्हरसियर तांड्यावर आला. तांड्यासाठी सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती. त्याने टेकडीच्या पायथ्याशी, पळसाच्या झाडांखाली, फक्कीने गोल आखला. लालसिंग नाईकांनी नारळ फोडला. बायका त्या गोलाभोवती गाणी म्हणत फिरल्या. नंतर दोन महिने कोणी फिरकले नाही. वाऱ्याने फक्की उडून गेली. चैत्रात सुरुंगाचे आवाज येऊ लागले, पण ते गावाकडून.

मानीबाई आवाजाच्या रोखाने चालत गेल्या. वामनरावांच्या केळीच्या वाडीला लागून मोठा खड्डा झाला होता आणि वडार मंडळी दगड वर काढत होती.

“कोणाची व्हय इहीर?” त्यांनी एका वडाराला विचारले.

“सरकारी व्हय, बाई. तांड्याची म्हणून तं खणून राह्यलो.”

“तांडा तं तिकडं हाये.”

“ते पाटलाले इचारा. आम्ही दाखवलं तिथं खणतो.”

वामनराव आंब्याच्या सावलीत उभे होते. ते रागावले नाहीत. उलट आपुलकीने हसले. “मानीबाई, तुमच्याच सूचनेवरून तं इथं आली इहीर! सूचक तुम्ही. इसरल्या काय इतक्यात?”

बाई तेथून थेट शाळेत आल्या. दप्तराची पेटी शाळेच्याच कपाटात असे आणि सभासदाला ते पाहण्याचा अधिकार होता. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “माह्या नावानं काय लिवलं ते वाचा. हळू वाचा, पण मोठ्यानं वाचा.”

मी वाचले. ‘ठराव क्रमांक चार. तांड्यातील रहिवासी लवकरच स्थलांतर करणारे असल्यामुळे व तेथील जमीन खडकाळ असल्यामुळे मंजूर विहीर सर्वांचे सोयीचे दृष्टीने गावालगत घेण्यात यावी. सूचक, सौ. मानीबाई नेमसिंग राठोड. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली अंगठा होता, रेषा न् रेषा स्पष्ट उठलेली.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचले. ‘स्थलांतर’ म्हणजे काय, ते त्यांनी विचारून घेतले. साठ वर्षे ज्यांनी त्या उतारावरचे दगड वेचून शेते केली, ज्यांची माणसे त्याच मातीत पुरली गेली, ते लवकरच निघून जाणार आहेत असे त्यांच्यातल्याच एका बाईच्या नावावर लिहिले होते! बाई आपल्या बोलीत म्हणाल्या, “ई वात मार कोनी.” म्हणजे, हे बोलणे माझे नव्हे. आणि मग मला समजेल अशा वऱ्हाडीत: “मी तं पोच दिलती, गुरुजी. बोल कुठी दिलता?”

त्या अकराही सभा ‘शाळेच्या ओसरीवर’ झाल्याची नोंद होती. ती ओसरी त्या त्या दिवशी रिकामी होती हे मला माहीत होते, आणि मी कधी चकार शब्द काढला नव्हता, कारण शाळेची कौले वामनरावांनी बदलून दिली होती. शिकलेल्या माणसाचे मौन किती स्वस्तात मिळते, ते मी येथे नमूद करून ठेवतो.

मानीबाई लालसिंग नाईकांना घेऊन पुसदच्या कचेरीत गेल्या. तेथल्या कारकुनाने कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “सूचकच तक्रार करते, हे कसं काय? ठराव सभेचा आहे. बदलायचा असेल तर सभाच बदलेल. आम्ही काय करणार?” ते उत्तर कायद्याने निर्दोष होते. अन्याय पुष्कळदा निर्दोष असतो. त्याची व्याकरणशुद्ध भाषा पाहून माणसे नमस्कार करतात.

परंतु बाईंनी त्या उत्तरातले एकच वाक्य उचलले. सभाच बदलेल. तर मग सभेत गेले पाहिजे.

वैशाखातल्या सभेच्या दिवशी त्या सकाळीच येऊन ओसरीवर बसल्या. दोन प्रहरी पुंडलिकराव दौत-लेखणी घेऊन, एकटेच, आले आणि थबकले.

“तुम्ही कायले आल्या, मानीबाई?”

“सभा हाये ना आज?”

“हाये ना.”

“मंग कुठी हाये?”

“अवो, सभा होऊन जाते. तुम्ही उन्हात कायले त्रास घेता? दप्तर येईन ना तांड्यावर.”

“दप्तराले उन्हात कायले त्रास? मीच आली ना. लावा सभा.”

पुंडलिकरावांनी माणूस धाडून वामनरावांना बोलावले. ते आले तेव्हा ओसरीपुढे दहापाच लोक जमले होते. वामनरावांनी त्यांच्याकडे पाहत डोळा बारीक केला. “काय मानीबाई, बैल लादून झाले काय? चालल्या म्हणून भेटाले आल्या?”

“आम्ही कुठीच नाही जाऊन राह्यलो, पाटील. चालून गेली ते तुमची इहीर. तिले पाय फुटले म्हणते!”

लोक हसले, आणि वामनरावांचा चेहरा प्रथमच कठोर झाला. “अंगठा कोणाचा हाये त्यावर?”

“अंगठा माहा. बोल तुमचा. आता असं करा, नावं घेऊन हाका मारा. जो ओ देईन तो सभेत हाये.”

पुंडलिकरावांनी नाइलाजाने नऊ नावे वाचली. हजर नसलेल्या प्रत्येकाच्या नावानंतर ओसरीपुढच्या लोकांत खसखस पिके. दोघेच हजर निघाले. पाच सभासद असल्याखेरीज सभा होत नाही, हे कपाटात दप्तराशेजारी ठेवलेल्या कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले होते. ते वर्षभरात कोणी उघडले नव्हते, एवढेच. मी ते पान काढून वाचून दाखवले. सभा तहकूब झाली.

पुढच्या महिन्यात तिघे आले. पुन्हा तहकूब. आता दप्तर तांड्यावर गेले तरी मानीबाई हात मागे घेत, आणि झिंगरूला म्हणत, “पाणी पी भिया, पण अंगठा नाही.” सही न केलेले पान पुढे पाठवण्याची पुंडलिकरावांची हिंमत होईना, कारण बाई पुन्हा पुसदला जातील ही भीती होती. पंचायतीची कामे अडली. कापसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर मुरूम पडायचा राहिला. आणि तेव्हा सावरडोहच्या सभ्य नागरिकांचा संताप जागा झाला. तो कोणावर? ज्याने विहीर पळवली त्याच्यावर नव्हे. जी बाई सभेला येऊन बसते तिच्यावर! आठवड्याच्या बाजारात तिला ऐकवत, “बाई, तुह्यापायी आमच्या गाड्या फसणार हायेत.” ती उत्तर देई, “तुमचे पंच घरी फसले हायेत, त्यायले काढा आधी.”

चौथ्या महिन्यात पाच जण आले. पाचव्या विमलताई होत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या भिंतीला टेकून बसल्या. त्याही वर्षभर घरातूनच सह्या देत आल्या होत्या. आपल्या नावाने काय काय लिहिले गेले ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ऐकता ऐकता त्या एकदाच म्हणाल्या, “हे मी म्हटलं?”

वामनराव म्हणाले, “झालं ते झालं. इहीर बांधून झाली. आता काय उचलून डोक्यावर नेता?”

“ते इहीर राहू द्या,” मानीबाई म्हणाल्या. “माह्या नावाचं खोटं काढा. अन् तांड्याले दुसरी मांगा.”

हात वर करायला सांगितले. मानीबाईंचा हात वर गेला, एका वृद्ध शेतकरी सभासदाचा गेला. वामनराव भावजयीकडे पाहत होते. विमलताईंनी एका हाताने पदर धरला आणि दुसरा वर केला. तीन विरुद्ध दोन.

पुंडलिकरावांनी लिहून घेतले. बाईंनी ते मला वाचायला लावले. ‘ठराव क्रमांक चार आपण मांडला नव्हता, असे मानीबाई यांचे म्हणणे.’

“थांबा. ‘म्हणणे’ काहून? मी म्हणून नाही राह्यली. तसं व्हयच.”

पुंडलिकरावांनी वामनरावांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि ते शब्द खोडले. राहिले ते असे: ‘ठराव क्रमांक चार मानीबाई यांनी मांडला नव्हता. तांड्याचे लोक कोठेही जाणार नाहीत. तांड्यासाठी विहीर मागण्यात यावी.’ तो संपूर्ण ठराव पुन्हा एकदा मोठ्याने वाचल्यावर मानीबाईंनी त्याखाली अंगठा दिला.

येथे कथा संपली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता. मागणी पुसदला गेली. तेथून जिल्ह्याला गेली. ‘सदर गावी सार्वजनिक विहीर यापूर्वीच देण्यात आली आहे’ असा शेरा घेऊन ती परत आली. पुन्हा गेली. मधल्या काळात जिल्हा परिषद आली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शेरा बदलला नाही. पुंडलिकरावांना बढती मिळाली. पुढच्या निवडणुकीत वामनराव अविरोध निवडून आले, आणि सत्काराच्या सभेत त्यांच्या वाडीतली केळी वाटली गेली. ती खाणाऱ्यांत पुसदच्या कचेरीचे लोकही होते. ज्या पाण्यावर ती केळी वाढली ते पाणी कोणाचे, हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि एकाच्याही घशात घास अडकला नाही. मला आजही त्या मंडपाचा जितका राग येतो तितका वामनरावांचा येत नाही. लोभी माणूस प्रत्येक गावात एखादा असतो. त्याला हार घालणारे गाव मात्र लोभाहून हीन असते.

मानीबाई एकाही सभेला चुकल्या नाहीत. सहासष्टच्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे सभासदत्व संपल्यावरही, त्या येत आणि ओसरीच्या पायरीवर बसत. प्रत्येक सभेत विहिरीचे काय झाले, हा एकच प्रश्न विचारत. सवय झाल्यावर लोक तो प्रश्न येण्याआधीच हसू लागले. एकदा मी त्यांना म्हणालो, “बाई, कंटाळा नाही येत?” त्या म्हणाल्या, “पाणी आणाले रोज जातो, गुरुजी. त्याचा कंटाळा करून चालते काय? हे बी पाणी आणणंच व्हय.”

त्या वर्षीच्या थंडीत, ताप आल्याचे निमित्त होऊन, त्या गेल्या. पाऊस ओढल्यामुळे त्या साली झिरा आधीच आटला होता; मृत्यूच्या सकाळीही त्यांच्या घरचे पाणी नदीवरूनच आले होते.

तीच मागणी अखेर मंजूर होऊन विहीर अडुसष्टच्या उन्हाळ्यात झाली. टेकडीच्या पायथ्याशी तीस हात खोल, दगडी बांधकामाची, तांड्याच्या साठ घरांसाठी. तिच्यावर कोणाचे नाव नाही. चैत्र संपेपर्यंत तिला पाणी असते.